आधी आकाश, मग भिंत

“मेसमधून आल्यावर सगळे मोबाइल घेऊन आडवे होतात, तेव्हा तू टेरेसवर काय करतोस रे?” हा प्रश्न मला हॉस्टेलमध्ये ठरलेला आहे. आणि जो कोणी पहिल्यांदा आमच्या रूममध्ये येतो, तो दुसरा प्रश्न विचारतो, “ही चित्रं कोणत्या सिनेमाची?” दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा आपल्या अंकात एकदाचं लिहून टाकावं म्हटलं.

मित्रांनो, ती सिनेमाची पोस्टर्स नाहीत. ती आकाशाची चित्रं आहेत, जरा गमतीशीर. एकात माणसाला दोन सावल्या आहेत, एकात गवत लाल आहे, एकात ताऱ्यांमध्ये चक्क मांजर बसलं आहे. माझा हा छंद सुरू झाला तो २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी.

पाडव्याची रात्र

मी तेव्हा अकरावीत होतो, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी. पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळत्या गोळ्यांची रांग गेली. विदर्भात कितीतरी लोकांनी ती पाहिली. तुमच्यापैकीही अनेकांनी पाहिली असेल. कोणी म्हणे विमान पडलं, कोणी म्हणे उल्का. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या लाडबोरी गावात धातूची मोठी रिंग सापडली आणि मग कळलं, की तो चिनी रॉकेटचा परत वातावरणात शिरलेला टप्पा होता.

अख्खं गाव वर बघत उभं होतं. आजी मात्र शांत. मला म्हणाली, “गेलं ते गेलं. आता इकडं पाय. ते तीन तारे दिसते का एका रांगेत? ते तिफन होय. अन् तिकडं ते चार तारे, ते म्हातारीची खाट. मांगं तीन चोर लागले.”

तिफण म्हणजे पुस्तकातल्या मृग नक्षत्राचा मधला पट्टा आणि खाट म्हणजे सप्तर्षी. हे मला नंतर समजलं. त्या रात्री एवढंच वाटलं, की इतकी वर्षं या गच्चीवर झोपतो आणि आपण वर कधी पाहिलंच नाही!

पहिलं चित्र

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रॉकेटची माहिती शोधता शोधता मला ‘नासा’च्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची पोस्टर्स सापडली. ही मालिका २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. कल्पना अशी, की परग्रहांवर सहल काढणारी एक ट्रॅव्हल कंपनी आहे आणि ही तिची जाहिरात! अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी प्रकल्पातून पर्यटनाची पोस्टर्स छापली गेली होती, त्यांच्या धर्तीवर ही काढली आहेत. सगळी मोफत उतरवून घेता येतात.

गंमत असली तरी प्रत्येकात विज्ञान आहे. ‘केप्लर-१६ बी’ हा ग्रह २०११ मध्ये सापडला. तो दोन सूर्यांभोवती फिरतो, म्हणून पोस्टरमधल्या अंतराळवीराला दोन सावल्या. ‘केप्लर-१८६ एफ’ (२०१४) चा सूर्य थंड, लाल खुजा तारा आहे. तिथे झाडं असलीच तर त्यांचा रंग वेगळा असेल, म्हणून गवत लाल. आणि ‘पीएसओ जे३१८.५-२२’ (२०१३) या ग्रहाला सूर्यच नाही, तो एकटाच भटकतो. तिथे कायम रात्र, म्हणून पोस्टरवर रात्रभर चालणारी पार्टी! परीक्षेच्या आदल्या रात्री आमची विंग तशीच दिसते.

मी अधाशासारखी पंधरा-वीस चित्रं उतरवून घेतली. आठ दिवसांत ती विसरलोही. फोनमध्ये हजार फोटो असतात, त्यात ही पंधरा. मग हॉस्टेलला आल्यावर एक नियम केला: ज्या चित्रातली जागा मी स्वतः आकाशात बोट दाखवून सांगू शकत नाही, ते चित्र भिंतीवर लावायचं नाही. आधी आकाश, मग भिंत.

या नियमाने पहिलं चित्र लागलं ते ‘५१ पेगासी बी’चं. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती सापडलेला हा पहिला परग्रह. मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी तो १९९५ मध्ये शोधला आणि त्यासाठी त्यांना २०१९ चं नोबेल मिळालं. गुरूसारखा प्रचंड ग्रह, पण आपल्या ताऱ्याच्या इतका जवळ, की त्याचं वर्ष जेमतेम सव्वाचार दिवसांचं! पोस्टर जुन्या पिक्चर पोस्टकार्डासारखं आहे, पहिल्या परग्रहावरून शुभेच्छा पाठवणारं.

ग्रह दिसत नाही, पण त्याचा तारा नुसत्या डोळ्यांनी, अगदी अंधुक, दिसतो. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा मिळून आकाशात एक मोठा चौकोन होतो. त्याच्या पश्चिम बाजूला, दोन ताऱ्यांच्या साधारण मध्यावर, किंचित बाहेर पाहायचं. आणि आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे या ताऱ्याची क्रांती सुमारे २०.८ अंश उत्तर आहे आणि यवतमाळचे अक्षांश सुमारे २०.४ अंश. म्हणजे तो जवळजवळ बरोबर आपल्या डोक्यावरून जातो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री आठ-साडेआठला टेरेसवर पाठ टेकून झोपलं, की तो थेट नाकासमोर! मला तो सापडायला चार रात्री लागल्या, त्याही गावी, दिवाळीच्या सुटीत. इथे कॅम्पसच्या दिव्यांत तो अजून एकदाही दिसला नाही.

मांजर, छापखाना आणि हवेचा पंप

मग जुन्या नकाशांचा नाद लागला. इतके जुने नकाशे आता कोणाच्याही मालकीचे नाहीत, त्यामुळे खुशाल छापा. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बोडे याने १८०१ मध्ये ‘युरेनोग्राफिया’ हा मोठा नकाशासंग्रह काढला. त्यात आकाशात मांजर आहे, छापखाना आहे, विद्युत यंत्र आहे, गरम हवेचा फुगासुद्धा आहे! व्याधाचा तेजस्वी तारा ओळखता येत असेल, तर त्याच्या पूर्वेला हा छापखाना होता. ‘होता’ अशासाठी, की १९२२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ८८ तारकासमूहांची यादी ठरवली, त्यात मांजर, छापखाना, फुगा, विद्युत यंत्र सगळे नापास झाले.

पण इंजिनिअरिंगवाल्यांनी निराश होऊ नये. लाकाय नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतून आकाश पाहून काही समूहांना उपकरणांची नावं दिली, ती टिकली. त्यांत हवेचा पंप आहे, भट्टी आहे, सूक्ष्मदर्शक आहे आणि ड्रॉइंगचा कंपाससुद्धा. एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास हा पंप आपल्याकडून दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ३५ अंशांवर असतो. तारे फारच मंद आहेत. दिसला तर दिसला.

माझा सगळ्यात आवडता संच म्हणजे ‘युरेनियाज मिरर’. साधारण २०० वर्षांपूर्वी लंडनमध्ये निघालेली ही ३२ चित्रकार्डं. प्रत्येक ताऱ्याच्या जागी भोक, आणि तारा जितका तेजस्वी तितकं भोक मोठं. कार्ड दिव्यासमोर धरलं, की समूह उजळतो. हे आपणही करू शकतो. जाड कार्डशीटवर प्रिंट काढायची आणि डिव्हायडरच्या टोकाने भोकं पाडायची. ड्रॉइंगच्या डिव्हायडरचा मी केलेला हा सर्वात चांगला उपयोग!

प्रिंट काढताना

माझी पहिली प्रिंट वाया गेली. झेरॉक्सच्या नेहमीच्या ७५ जीएसएम कागदावर काळंभोर आकाश छापलं. शाईने कागद ओला झाला, सुरळीसारखा वळला आणि बारीक तारे काळ्यात बुडाले. अनुभवाचे चार बोल:

कागद १७० जीएसएम किंवा जास्त, शक्यतो मॅट. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटच दिसते.

फाइलचे पिक्सेल तपासा. इंचाला ३०० ठिपके धरले तर ए-थ्री आकाराला सुमारे ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल चालत नाही, कारण तो फोटो दाबून लहान करतो.

रंग स्क्रीनसारखा येणार नाही हे आधीच मान्य करा. स्क्रीन स्वतः प्रकाश देते, शाई पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषून घेते. म्हणून गडद निळं आकाश कागदावर मळकट होतं. छापण्याआधी चित्र थोडं उजळ करून घ्या.

भिंतीला टेप लावू नका, रंगाचे पोपडे निघतात आणि मग वॉर्डन सरांशी भेट होते. मी सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं अडकवली आहेत. ए-थ्री रंगीत प्रिंट मेसच्या एका जेवणाच्या आसपास पडते. महिन्याला एकच काढतो.

राहिलेलं चित्र

गेल्या हिवाळ्यात मृग नक्षत्र पाहून झालं आणि मी त्याचं जुनं कार्ड भिंतीवर लावलं. त्यात सोटा उगारलेला शिकारी आहे. आपल्या पुराणात त्याच ताऱ्यांचं हरीण होतं आणि पट्ट्यातले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण. लावून झाल्यावर भिंतीकडे पाहिलं, तेव्हा लक्षात आलं. युरोपातला छापखाना आहे, फ्रेंच माणसाचा हवेचा पंप आहे, अमेरिकेचं लाल गवत आहे. ज्या तिफणीमुळे मी वर बघायला शिकलो, ती कुठेच नाही.

खूप शोधलं. तसं चित्र मिळालं नाही, पण अभ्यास मिळाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया, अमरावतीचे गणेश हलकारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंड समाजाच्या आणि पुढे कोलाम व बंजारा समाजांच्या आकाशज्ञानावर लिहिलेले निबंध २०१३ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. गोंडांनाही मृगाच्या त्या ताऱ्यांत शेतीचं अवजारच दिसतं. आपल्या जिल्ह्यातल्या पाड्या-तांड्यांवर जे आकाश बोलण्यात आहे, ते कागदावर फारच थोडं आलं आहे.

म्हणून मग स्वतःच बसलो. ड्रॉइंग शीटवर मृगातले तारे मोजून मांडले आणि त्यांवर तिफण काढली. संक्रांतीला घरी नेली. आजीला आता मोतीबिंदूमुळे तारे दिसत नाहीत. शीट डोळ्यांजवळ धरून तिने बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, “तिफन तं बरी काढली बापा. पन चाडं कुठी हाये? पेरशीन कायनं?”

खरंच की! ज्यातून बी सोडतात ते चाडंच मी विसरलो होतो. शेतकऱ्याचा मुलगा असून! पट्ट्याखाली जे तीन लहान तारे लोंबतात, तिथे मी ते काढलं. त्यांतला मधला धूसर दिसतो. तो एक तारा नसून तेजोमेघ आहे, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा, आणि तिथे आजही नवे तारे तयार होत आहेत. चाड्याला याहून चांगली जागा मला सुचली नाही.

तर मित्रांनो, माझ्या संग्रहात आता चौदा प्रिंट्स आहेत, आणि चौदावी दुकानात मिळत नाही. या सुटीत घरी जाल तेव्हा एका अंधाऱ्या रात्री आजी-आजोबांना घेऊन अंगणात बसा आणि विचारा, “तुम्ही याला काय म्हणत होते?” जे सांगतील ते लिहून आणा, तारखेसह, गावाच्या नावासह. चित्र काढता येत नसेल तर मी काढून देतो, रूममध्ये या. कागद तेवढा १७० जीएसएमचा आणा!