युद्धामुळें निर्वासित झालेल्या लोकांचें आरोग्य

युद्धांत माणसें मरतात तीं तोफाबंदुकांनीं, असा सर्वसामान्य समज आहे. रणांगणावरील सैनिकांपुरता तो बराचसा खरा असेल. परंतु घरदार सोडून पळालेल्या प्रजेसंबंधानें पुरावा निराळा आहे. अशा लोकांचा मोठा घात पुष्कळदां गोळीच्या टप्प्याबाहेर आल्यावर, छावणींत होतो. आणि तो करणारे शत्रू म्हणजे दूषित पाणी, दाटी व उपासमार. ही गोष्ट दात्यांनीं ध्यानांत घेणें अगत्याचें आहे. कारण द्रव्य किती दिलें याइतकेंच तें केव्हां व कशासाठीं दिलें, यावरही त्याचें फळ अवलंबून असतें.

याचें कारण सहज समजण्यासारखें आहे. आपल्या गांवीं माणूस अनेक पिढ्यांच्या व्यवस्थेवर जगतो. पिण्याची विहीर ठरलेली, शौचाची जागा दूर, घरांत वर्षाची बेगमी आणि हाकेच्या अंतरावर ओळखीचा वैद्य. पळावें लागलें कीं ही व्यवस्था एका रात्रींत नाहींशी होते. हजारों माणसांची वस्ती उघड्या माळावर दोन दिवसांत उभी राहते. पण तिला ना विहीर, ना गटार. एकाची घाण दुसऱ्याच्या पाण्यांत जाते. उपासानें शरीर क्षीण झालेलें असतें, म्हणून जो गोंवर घरीं बरा झाला असता तोच छावणींत मुलाचा प्राण घेतो. आणि त्यांतून वांचलेलें अशक्त मूल पुढें अतिसाराला बळी पडतें. भूक व रोग यांची ही भागीदारी आहे. दोघेही एकमेकांचें भांडवल वाढवितात.

पहिला दाखला दक्षिण आफ्रिकेंतील आहे. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धांत इंग्रज सैन्यानें शेतेंभातें व घरें जाळून बोअर बायकामुलांस छावण्यांत डांबिलें. तेथें सुमारें २८,००० बोअर मरण पावले. त्यांत सुमारें २२,००० सोळा वर्षांखालील मुलें होतीं. निराळ्या छावण्यांत ठेवलेल्या आफ्रिकी लोकांपैकींही निदान १४,००० मेले. त्यांच्यावर कोणी तोफ डागली नव्हती. गोंवर, न्युमोनिआ, विषमज्वर व अतिसार यांनींच बहुतेकांचा बळी घेतला. एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईंनीं स्वतः छावण्या पाहून हा प्रकार विलायतेंत उघड केला. त्यानंतर चौकशी झाली, व्यवस्था सुधारली आणि मृत्यूंचें प्रमाण उतरलें.

दुसरा दाखला आपल्याच देशांतील आहे. मार्च १९७१ मध्यें पूर्व बंगालमध्यें पाकिस्तानी लष्करानें कत्तल आरंभिली, आणि वर्षअखेरपर्यंत सुमारें एक कोटी लोक सरहद्द ओलांडून हिंदुस्थानांत आले. पावसाळ्याच्या तोंडीं छावण्यांत पटकी उद्भवली. बनगांव येथील रुग्णालयांत रोगी जमिनीवर पडले होते, आणि शिरेंतून द्यावयाचें सलाईन अपुरें पडूं लागलें होतें. पटकीचा रोगी मरतो तो शरीरांतील पाणी व क्षार वाहून गेल्यामुळें. साखरेच्या जोडीनें मीठ दिल्यास आंतडें तें शोषून घेतें व त्यामागोमाग पाणीही शरीरांत मुरतें, हें शास्त्रज्ञांस ठाऊक झालेलें होतें. डॉ. दिलीप महालनबीस यांनीं या ज्ञानाच्या आधारें ग्लूकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून तें पिंपांतून वांटलें आणि रोग्यांच्या आप्तांकडून पाजविलें. आरंभीं शेंकडा तीसपर्यंत रोगी दगावत होते. या उपचारानें तें प्रमाण चारांच्याही खालीं आलें. आज घरोघरीं ‘जलसंजीवनी’ म्हणून जें मिश्रण माहीत आहे त्याची कसोटी निर्वासितांच्या या छावणींत लागली. सामग्री स्वस्त होती. ती वेळेवर हातीं होती, हें तिचें खरें मोल.

तिसरा दाखला याच्या उलट आहे. जुलै १९९४ मध्यें रवांडांतील कत्तल व यादवी युद्धानंतर पांच ते आठ लक्ष लोक अवघ्या चार-पांच दिवसांत शेजारच्या झाईर देशांतील गोमा शहराभोंवतीं लोटले. तेथील भूमि ज्वालामुखीच्या खडकाची. शौचाचे खड्डे तर राहोतच, प्रेतें पुरण्यापुरतीही ती खणणें कठीण. लोक किवू सरोवराचें पाणी तसेंच प्याले. पटकी व तिच्यामागून रक्तातिसार पसरून पहिल्या महिन्यांत सुमारें ५०,००० माणसें मेलीं. दर दहा हजारांमागें रोज एक मृत्यु झाला तरी प्रसंग आणीबाणीचा मानतात. तेथें तें प्रमाण वीसांच्याही वर गेलें. पुढें जगांतून मदत आली. पण पुरेसें शुद्ध पाणी पोंचण्यापूर्वींच पटकीनें आपला डाव साधला होता. या निर्वासितांत कत्तलींत हात असलेले लोकही होते हें खरें. परंतु पटकीनें अपराधी व अर्भक असा भेद केला नाहीं.

याखेरीज एक हळूहळू होणारें नुकसान आहे. युद्धानें नित्याचें लसीकरण बंद पडतें. सीरियांत १९९९ नंतर पोलिओ उरला नव्हता. २०१३ सालीं, युद्ध चालू असतां, तो परत आला व मुलें पंगु झालीं. क्षयाच्या रोग्याचें औषध मध्येंच तुटलें तर रोग बळावतो व जवळच्यांनाही जडतो.

यावरून दानाचा क्रम ठरतो. कपडे व घोंगड्या देण्याकडे आपली प्रवृत्ति असते, व ती वाईट नव्हे. परंतु त्यांनीं अधिक निकडीच्या गरजांची जागा घेऊं नये. प्रथम माणशीं रोज निदान पंधरा लिटर पाणी व वीस माणसांमागें एक शौचकूप. त्याच वेळीं सहा महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांस गोंवराची लस व लहानग्यांस ‘अ’ जीवनसत्त्व. माणशीं रोज २,१०० उष्मांकांचें अन्न. आणि जलसंजीवनीचा सांठा, रोग दिसण्यापूर्वींच.

२०२४ च्या अखेरीस युद्ध, हिंसा व छळ यांमुळें घर सुटलेल्यांची संख्या जगांत बारा कोटींहून अधिक होती. हा आंकडा पाहून आपल्या वर्गणीनें काय होणार, असें कोणास वाटेल. परंतु पेरणीच्या वेळीं मिळालेलें बियाणें व हंगाम टळल्यावर मिळालेलें बियाणें यांचें मोल सारखें नसतें, हें शेतजमीन बाळगणाऱ्यांस सांगणें नको. ज्यांस देणें शक्य आहे त्यांनीं पाणी व लस यांसाठीं द्यावें, आणि मृत्यूंचे आंकडे छापून येण्याची वाट न पाहतां, लोक निघाल्याची वार्ता येतांच द्यावें, इतकीच विनंती आहे.