चालत नाही, की चालू दिलं नाही?

ॲपलने १९९६ साली एक सर्व्हर विकायला काढला आणि १९९७ मध्ये गुंडाळलाही. ॲपल नेटवर्क सर्व्हर. आत पॉवरपीसी ६०४ प्रोसेसर, बाहेर किल्लीचं दार. पण ॲपलच्या या यंत्रावर मॅक ओएसच चालेना. ते चालायचं आयबीएमच्या एआयएक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर. मी पोटासाठी फर्मवेअर लिहितो, त्यामुळे असं काही दिसलं की मनात पहिली शंका येते ती शीर्षकातली.

वीज आल्यावर प्रोसेसर सर्वांत आधी जे वाचतो, ते फर्मवेअर. मेमरी तपासायची, डिस्क शोधायची आणि मग कारभार ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती द्यायचा. या सर्व्हरमध्ये ते काढता-घालता येणाऱ्या छोट्या रॉम बोर्डावर असतं. त्याचे काही प्रोटोटाइप बोर्ड मागे उरले. तसा बोर्ड लावला, की त्याच यंत्रावर मॅक ओएस सुरू होतं! विंडोज एनटीसाठीही रॉम तयार होत होती. ती कधी विक्रीला आलीच नाही.

असा बोर्ड हाती आला तर आधी प्रत काढायची, यंत्रात नंतर लावायचा. काचेची खिडकी असलेली ईप्रॉम चिप असेल, तर वरचं स्टिकर सोलायचं नाही; अतिनील प्रकाशाने मजकूर पुसला जातो. चिप दोनदा वाचायची आणि दोन्ही प्रती बाइट-बाइट जुळवायच्या. माहिती अनेक चिप्समध्ये वाटलेली असते, म्हणून एकट्या चिपमध्ये शब्दांचे तुकडेच दिसतात. क्रम बरोबर लागला का, हे पाहायला मी ‘४ई ८० ०० २०’ शोधतो. पॉवरपीसीच्या भाषेत याचा अर्थ ‘काम झालं, परत फिर’. जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या शेवटी ही आज्ञा असते. ती जागोजागी सापडली, की जोडणी जमली.

मग विक्रीच्या रॉमशी तुलना. इथे सरळ ताडून पाहणं फसवं असतं: मध्येच चार ओळी वाढल्या, की पुढचं सगळं सरकतं आणि न बदललेलंही बदललेलं वाटतं. म्हणून एकेक फंक्शन सुटं करून जुळवायचं.

एवढ्या खटाटोपातून काय मिळतं? जाहिरातींवरून कंपनीने काय विकलं ते कळतं. प्रोटोटाइप रॉममधून तिला काय जमत होतं ते कळतं. या सर्व्हरच्या बाबतीत हार्डवेअर बिचारं निर्दोष होतं. अडवलं ते रॉमने, म्हणजे रॉममध्ये काय ठेवायचं हे ठरवणाऱ्या माणसांनी.