दुरुस्तीचा मेळा

मुलांनो, तुमच्या घरातील पलंगाखालची जागा एकदा नीट पाहा. तेथे काडी मोडलेली छत्री असेल, बंद पडलेली इस्त्री असेल, चेन बिघडलेले दप्तर असेल. "कधीतरी दुरुस्त करून घेऊ," असे अम्मी म्हणते. मग ईदच्या आधी घराची सफाई निघते आणि हे सगळे सामान कचऱ्याच्या डब्यात जाते.

डब्यातून ते कोठे जाते? मुंबईचे उदाहरण घ्या. गोवंडीजवळ देवनार येथे १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जाऊ लागला. साठत साठत त्याचे डोंगर झाले. जानेवारी २०१६ मध्ये त्या कचऱ्याला मोठी आग लागली. कित्येक दिवस धूर निघत होता. जवळपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो कचरा साऱ्या मुंबईच्या घरांतून आलेला होता; धूर मात्र शेजारच्या वस्तीतील मुलांच्या छातीत गेला.

म्हणून डब्यात काय पडते, याचा विचार शहरातील प्रत्येक कुटुंबाला करावा लागतो. असा विचार करून एका शहरात एक मेळा सुरू झाला. त्याची माहिती घेऊ या.

नेदरलँड्स देशात ॲमस्टरडॅम नावाचे शहर आहे. तेथील पत्रकार मार्टीन पोस्टमा यांना एक गोष्ट खटकत असे. लहानसा बिघाड झाला की लोक चांगली वस्तू फेकून देत. ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांनी पहिला दुरुस्तीचा मेळा भरवला. त्याचे नाव 'रिपेअर कॅफे'. एका सभागृहात टेबले मांडली. कोठे शिवणयंत्र, कोठे पाने-पेचकस, कोठे सुतारकामाची हत्यारे. बिघडलेली वस्तू घेऊन लोक येतात आणि जाणकार माणसाच्या शेजारी बसतात. वस्तू ठेवून निघून जायचे नाही, हा येथला मुख्य नियम. स्क्रू धरायचा, धागा ओवायचा, आत काय बिघडले ते डोळ्यांनी पाहायचे. चहा-कॉफीही मिळते. पैसे कोणी मागत नाही. ज्याला वाटेल तो पेटीत टाकतो. आज जगात अशी अडीच हजारांहून अधिक ठिकाणे आहेत. आपल्या देशात बेंगळुरू शहरात २०१५ मध्ये असा उपक्रम सुरू झाला.

हे वाचून तुम्हाला हसू आले असेल. दुरुस्तीसाठी मेळा कशाला? आपल्या नाक्यावर तर चपला शिवणारा बसतोच! बरोबर आहे. 'दुरुस्ती' हा मराठी शब्दसुद्धा तुमच्या ओळखीच्या 'दुरुस्त' या शब्दावरूनच आला आहे. हे काम आपल्याकडे जुने आहे. पण काही कारागीर आता क्वचित दिसतात. तुमच्या दादीला किंवा नानीला विचारा. त्यांनी ते दारात पाहिलेले असतील.

त्यांपैकी एक कल्हईवाला. उर्दूत कलई, मराठीत कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्यात चिंच, दही यांसारखा आंबट पदार्थ ठेवला, तर धातू त्यात उतरतो. तो पोटात जाणे चांगले नाही. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देतात. कल्हईवाला जमिनीत छोटी भट्टी करतो, भात्याने वारा घालतो आणि भांडे तापवतो. मग त्यात नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर निघतो आणि धातूचा पृष्ठभाग स्वच्छ होतो. कथलाची कांडी टेकवताच ते वितळते. लगेच तो कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवतो. पाहता पाहता काळवंडलेले भांडे चांदीसारखे दिसू लागते. ही जादू एकदा तरी पाहावी अशी आहे.

दुसरा पिंजारी. गादी काही वर्षांनी कडक होते, कारण कापूस दबून त्याचे गोळे बनतात. कापूस खराब झालेला नसतो. पिंजारी धनुष्यासारख्या पिंजणाची तात कापसात थरथरवतो. दबलेले तंतू सुटे होतात आणि त्यांत पुन्हा हवा शिरते. गादी फेकण्याची गरज राहत नाही. रफूगराचे काम आणखी बारीक. तो त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढतो आणि छिद्रावर आडवे-उभे विणतो. भोक कोठे होते, ते सापडत नाही.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ॲमस्टरडॅममध्ये मदत करणारे लोक हौसेने येतात. आपल्या मोहल्ल्यातील रफूगर त्या कामावर घर चालवतो. त्याला मेळ्यात बोलावून फुकट काम करायला लावणे बरे नव्हे. लोकांनी त्याला नेहमीची मजुरी द्यावी. मेळ्यामुळे त्याचे गिऱ्हाईक वाढले पाहिजे, कमी होता कामा नये. पुष्कळ मेळ्यांत घोषणांचे फलक लावतात, भाषणे करतात आणि हार घालतात. त्याऐवजी या कारागिरांना चांगली जागा आणि सावली दिलेली मला अधिक आवडेल.

फुकट शिकवण्यासारखी लहान कामे वेगळ्या टेबलावर ठेवावीत. दप्तराची चेन सरकते, पण दात जुळत नाहीत ना? सरकत्या पट्टीच्या दोन्ही कडा वापरून वापरून फाकलेल्या असतात. पक्कडीने त्या हलकेच दाबल्या की अनेकदा चेन लागते. जोर केला तर मात्र पट्टी तुटते! मिक्सर फार वेळ चालवल्यावर एकाएकी बंद पडला, तर पुष्कळदा तो जळालेला नसतो. प्लग काढून तो थंड होऊ द्यावा. बऱ्याच मिक्सरच्या बुडाशी एक लाल बटण असते. ते दाबले की तो पुन्हा सुरू होतो. इस्त्रीची वायर वाकून वाकून आतल्या आत तुटते. पण ती बदलणे वायरमनचे काम आहे, तुमचे नव्हे. विजेची कोणतीही वस्तू मुलांनी उघडू नये.

सगळेच दुरुस्त होते असे नाही. जे होत नाही, त्यातील लोखंड, तांबे आणि प्लास्टिक भंगारवाला घेतो. जुने सेल आणि फुटलेल्या ट्यूबलाईट मात्र वेगळ्या डब्यात ठेवाव्या लागतात, कारण त्यांत विषारी पदार्थ असू शकतात.

शाळेच्या पटांगणात असा मेळा भरवायचे ठरले, तर घरोघरी निरोप देताना एक सूचना विसरू नका. वस्तूबरोबर तिचा तुटलेला तुकडा, झाकण आणि निघालेले स्क्रूसुद्धा एका पिशवीत घालून आणावेत. छत्री आणली आणि तिची काडी घरीच राहिली, असे फार वेळा होते.