आई-वडिलांची शस्त्रक्रिया : पैसा कुठून उभा राहील?

दागिने गहाण टाकण्याआधी हे दरवाजे जरूर ठोठावा.

● जन आरोग्य योजना : महात्मा जोतिराव फुले योजनेत अंगीकृत रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार. दाखल होतानाच रुग्णालयातील योजनेच्या 'आरोग्यमित्रा'ला भेटा. हेल्पलाइन : 155388.

● वय 70 किंवा अधिक : मोफत उपचारांसाठीच्या आयुष्मान वय वंदना कार्डाला उत्पन्नाची अट नाही.

● धर्मादाय रुग्णालये : 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागते.

● मुख्यमंत्री सहायता निधी : अर्जासोबत रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडा.

● भविष्य निर्वाह निधी : नोकरदारांना पालकांच्या गंभीर आजारासाठी खात्यातून रक्कम काढता येते.

● घरी आल्यानंतर : फिजिओथेरपी, ड्रेसिंग, मदतनीस, तपासण्या यांचा खर्च काही महिने चालतो. तो पहिल्याच दिवशी हिशेबात धरा. जेनेरिक औषधे जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात.

● लोकवर्गणी : अंदाजपत्रक दाखवा, शक्यतो पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यावर मागवा, जमा-खर्च कळवत राहा.

मदत मागण्यात कमीपणा नाही. उशीर मात्र महागात पडतो.