सुधारलं म्हणजे काय?

मालवणात दशावताराचं चित्रण जोडणारी मुलं आम्हाला विचारतात, नव्या सॉफ्टवेअरनं काम सुधारतं का? जून २०११ मध्ये ॲपलनं ‘फायनल कट प्रो’ पार बदललं, तेव्हा जगभरचे संकलक यावरच भांडले. जुनी कामं त्यात उघडेनात. तो राग रास्तच. पण खरा बदल निराळा. पूर्वी दृश्य घड्याळाला बांधलेलं असे, आता शेजारच्या दृश्याला. कॅमेऱ्यासमोर कोणी आडवा आला, तेवढा तुकडा काढला, तर पूर्वी भोक राही आणि खाली पखवाज चालू राही. आता पुढची दृश्यं आपोआप सरकतात. जागा राखायची तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. लग्नाच्या व्हिडिओला हे सोयीचंच. आणि ऑस्कर मिळवणारा ‘पॅरासाइट’ (२०१९) मात्र बंद पडलेल्या जुन्या आवृत्तीवर जोडला गेला! आम्ही मुलांना उलट विचारलं, अरे, आज जोडताय काय, दशावतार की लग्न?