पाळीचे दुखणे: सोसायचे की दाखवायचे?

गेल्या वर्षावासात विहारात दर रविवारी मुलींचा वर्ग चाले. नववीतील एक मुलगी महिन्यातून एकदा हमखास गैरहजर. विचारले तर आई म्हणाली, "पोट दुखतंय तिचं, दादा. बाईच्या जातीला असायचंच ते." आम्ही गप्प बसलो. जमाखर्चाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या पुरुषाने यात काय बोलावे? पुढे महिला मंडळातील एका परिचारिका ताईंनी या गप्प बसण्याबद्दल आम्हांला चांगलेच सुनावले.

धम्म घेतला तेव्हाच आपण विटाळ सोडला, निदान सोडायला हवा होता. तरी काही घरांत अजून "कावळा शिवला" म्हणतात आणि पोर कोपऱ्यात पोट धरून पडते. दुःखाला कारण असते, हे तर आपण रोज ऐकतो. मग याच दुःखाचे कारण का विचारू नये?

ताईंनी ते सोपे करून सांगितले. पाळीच्या वेळी गर्भपिशवीच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. त्याने पिशवी आवळते. ते जास्त झाले की ओटीपोटात कळा येतात, कंबर आणि मांड्या भरून येतात, कधी मळमळते, जुलाब होतात. पाळी सुरू झाल्यावर वर्ष-दोन वर्षांत लागलेले आणि दर खेपेस दोन-तीन दिवसांत ओसरणारे दुखणे बहुधा याच जातीचे असते. त्यात रोग नसतो, पण म्हणून ते खोटे नसते. गरम पाण्याने शेकावे. रबरी पिशवी नसेल तर बाटली फडक्यात गुंडाळावी. आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक अ‍ॅसिड हे द्रव्यच कमी करते. म्हणून कळा असह्य होण्याची वाट न पाहता सुरुवातीलाच, जेवणानंतर गोळी घ्यावी. मात्र कोणती व किती, हे डॉक्टरांना विचारूनच. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास तसे आधी सांगावे.

गोळीनेही शाळा किंवा काम बुडत असेल, दुखणे महिन्यागणिक वाढत असेल, तिशीच्या आसपास नव्याने लागले असेल, पाळी नसताना किंवा पतीसंबंधाच्या वेळी दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे. गाठी, जंतुसंसर्ग किंवा एंडोमेट्रिओसिस असू शकतो. या शेवटच्या आजारात अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो. तासातासाला पॅड भिजत असेल, तापासोबत दुर्गंधीयुक्त स्राव असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाळी चुकलेली असून एका बाजूला जोराची कळ आणि चक्कर आली तर तासभरही थांबू नये. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.

आणखी एक. "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" असे कोणी पहिल्याच भेटीत म्हटले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय हो म्हणू नये. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या १३ हजारांहून अधिक भगिनींची पिशवी काढलेली असल्याचे २०१९ च्या सरकारी पाहणीत दिसले. एक दिवस खाडा झाला तर मजुरी कापली जाते. त्या भीतीनेही कित्येकींनी होकार दिला होता.

त्या मुलीला आईने अखेर सरकारी रुग्णालयात नेले. आता त्या दिवसांतही ती वर्गाला येते, भिंतीला टेकून बसते इतकेच.