दारापलीकडे कोण होतं?

२००६ साली ऑफिसच्या कँटीनमध्ये एका मित्राने माझ्या ताटाशेजारी विटेएवढं जाड पुस्तक आदळलं. रॉबर्ट जॉर्डनचं ‘द आय ऑफ द वर्ल्ड’. ‘द व्हील ऑफ टाइम’ मालिकेचा १९९० सालचा पहिला भाग. मी तोंड वाकडं केलं. राक्षस, तलवारी, जादू... आपलं वय काय, आपण वाचतो काय! शिवाय लोकलमध्ये एका हाताने ते धरणं म्हणजे फुकटची जिम.

पण अडकलोच. एका खेड्यावर रात्री राक्षस तुटून पडतात. त्यांना तीन पोरं हवी असतात. त्यांच्यातला एक म्हणजे जगाला तारणारा किंवा बुडवणारा, पुन्हा जन्मलेला वीर. कोणता? जादूपेक्षा मला हा ‘कोण’ खेचत होता. युगांचं चक्र आणि पुनर्जन्म हा प्रकार तर आपल्याला कुणी वेगळा समजावून सांगायला नको.

खरी गंमत आएस सेदाय या जादूगार बायकांची. खोटं बोलायचं नाही, अशी त्यांची शपथ असते. त्यामुळे त्या खरंच बोलतात, पण असं काही फिरवून की ऐकणारा हमखास फसतो. अप्रेझलच्या मीटिंगला बसलेल्यांना ही भाषा लगेच कळेल. त्यांचं प्रत्येक वाक्य मी पेन्सिल घेऊन वाचायचो.

आणि मग अ‍ॅस्मोडिअन. १९९३ सालच्या पाचव्या भागाच्या शेवटी हा गडी एक दार उघडतो, समोर कुणीतरी ओळखीचं उभं असतं, आणि खेळ खलास. कोणी मारलं? जॉर्डन सांगतच नाही! जगभरचे वाचक वर्षानुवर्षं यावर भांडले. मी आणि मित्रही. थाळीची पैज लागली.

दहावा भाग मात्र भयंकर रटाळ. सातशेच्या वर पानं, आणि कथा जागची हलत नाही. पैज नसती तर मी तिथेच थांबलो असतो.

सप्टेंबर २००७मध्ये जॉर्डन गेला. हृदयाचा दुर्मीळ आजार, वय ५८. मालिका अर्धवट. बातमी वाचून आम्ही दोघं कँटीनमध्ये गप्प बसलो होतो. पैजेचं नाव काढायचीही लाज वाटली. पण आजारपणात त्याने शेवट घरच्यांना सांगून ठेवला होता, टिपणं होती. त्याची बायको हॅरिएट मॅकडूगल हीच त्याची संपादक. तिने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं, आणि २०१३ साली चौदावा भाग आला. त्याच्या शेवटातला बराचसा मजकूर जॉर्डनने स्वतः लिहून ठेवलेला.

खुनी मात्र २०१०मध्येच सापडला. तेराव्या भागात. आणि कुठे? पुस्तकाच्या मागच्या शब्दसूचीत, एका नोंदीत, जाता जाता! तोवर मित्र बंगळुरूला गेला होता. त्याचा एसएमएस आला, ‘शब्दसूची बघ. दोघंही हरलो.’

पुढे तो सुट्टीवर आला तेव्हा थाळी झाली. टीटीएमएम.

मालिकेवरची सिरीयल २०२१मध्ये आली, तीन सीझननंतर २०२५मध्ये बंद पडली. तुम्ही आपले पुस्तकापासूनच सुरू करा. फक्त तेराव्या भागाची मागची पानं आधी चाळू नका.